ऍल्युमिनियमचीं भांडीं : त्यांची निगा व वापर

स्वयंपाकघरांतील भांड्यांचा विषय शेतकीच्या मासिकांत कशासाठीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु ज्या घरीं सुगीच्या दिवसांत पंधरा-वीस मजुरांचा स्वयंपाक होतो, दुधाच्या किटल्या व कॅन रोज घासावे लागतात, आणि बागेवर फवारण्याचें मोरचूद कालवण्यास जें हातीं लागेल तें पातेलें उचललें जातें, त्या घरच्या कर्त्या माणसास भांड्याचा धातु कशानें झिजतो हें ठाऊक असणें अगत्याचें आहे. स्टेनलेस स्टीलनें आपल्या घरांत पुष्कळ जागा व्यापिली असली तरी प्रेशर कुकर, चहाचें पातेलें, इडलीपात्र, तळणीची कढई आणि लग्नकार्यांतील मोठाले टोप हे बहुधा अद्यापि ऍल्युमिनियमचेच असतात. या धातूविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं तें विष आहे, घराबाहेर फेका. दुसरा म्हणतो कीं आमच्या आजीनें जन्मभर त्यांतच शिजविलें, तिला काय झालें? आमच्या मतें दोघांनींहि धातूचा स्वभाव पाहिलेला नाहीं. तो स्वभाव एकदां कळला म्हणजे कोणता पदार्थ या भांड्यांत शिजवावा, कोणता शिजवूं नये, भांडें कसें घासावें आणि कसें घासूं नये, हे सर्व प्रश्न एकाच सूत्रानें सुटतात.

आपल्याकडे खेड्यापाड्यांतून या धातूस ‘जर्मल’ किंवा ‘जर्मन’ म्हणतात. हें नांव चुकीनें पडलेलें आहे. जर्मन सिल्व्हर म्हणून जो धातु ओळखला जातो तो तांबें, जस्त व निकल यांचें मिश्रण असून त्यांत ऍल्युमिनियमचा संबंध नाहीं. ऍल्युमिनियम हें मूळ मातीचेंच लेकरूं आहे. पृथ्वीच्या कवचांत वजनानें सुमारें ८ टक्के हा धातु असून प्राणवायु व सिलिकॉन यांच्या खालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या बाजूंच्या तांबड्या सड्यांवर जो बॉक्साइट दगड सांपडतो तो याच धातूचें खनिज होय. गढूळ पाणी निवळण्यास आपण जी तुरटी फिरवितों तींतहि ऍल्युमिनियम असतें. मात्र मातींतून तो धातु सुटा करणें फार कठीण. डेन्मार्कमध्यें अर्स्टेडनें १८२५ सालीं तो प्रथम थोडासा मिळविला. १८५४ सालीं फ्रान्समध्यें दव्हील यानें तो जरा अधिक प्रमाणांत काढण्याची युक्ति बसविली. तरीहि तो त्या काळीं जडजवाहिरांत मोजला जाई. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोघां तरुणांनीं एकमेकांस नकळत विजेच्या प्रवाहानें तो वेगळा करण्याची रीत शोधून काढली, आणि थोड्याच वर्षांत जवाहिऱ्याच्या पेटींतला हा धातु कासाराच्या दुकानांत आला. हिंदुस्थानांत १८९८ सालीं मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं त्याचीं भांडीं करविण्यास आरंभ केला. येथल्या भूमीवर प्रत्यक्ष धातु गाळण्याचें काम मात्र १९४३ सालीं केरळांत अलवायेजवळ सुरू झालें.

लोकांनीं हीं भांडीं कां उचललीं, याचें कारण उघड आहे. तांब्याचें वजन पाण्याच्या जवळजवळ नऊपट, तर ऍल्युमिनियमचें अडीचपटीहून किंचित् अधिक. म्हणजे त्याच मापाचें भांडें तिसऱ्या हिश्श्याच्या वजनांत होतें. विहिरीवरून भरलेला हंडा आणणाऱ्या बाईस या फरकाचें मोल विचारावें. उष्णता वाहून नेण्यांत तांब्याच्या खालोखाल हाच धातु. स्टेनलेस स्टीलच्या मानानें तो दहापटींहून अधिक वेगानें उष्णता पसरवितो, म्हणून भात बुडाशीं एकाच जागीं करपत नाहीं व सरपण वांचतें. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कल्हईचा खर्च गेला. पितळेच्या भांड्यास दर दोन-तीन महिन्यांनीं कल्हई हवी. ती उडाली असतां त्यांत ठेविलेलें ताक कळकतें व ओकारी होते, हें जुन्या गृहिणींस सांगावयास नको. ऍल्युमिनियममध्यें ताक कळकत नाहीं, त्यास हिरवा रंग चढत नाहीं, आणि म्हणूनच लोकांचा समज झाला कीं या भांड्यास आंबटाचें भय नाहीं. येथेंच खरी गफलत आहे. तांबें सुटूं लागलें कीं जीभ व डोळा दोन्ही सूचना देतात. ऍल्युमिनियम सुटतें तेव्हां बहुधा रंग दिसत नाहीं आणि चवहि फारशी बदलत नाहीं.

आतां धातूचा स्वभाव पाहूं. ऍल्युमिनियम हें खरें पाहतां अत्यंत चपळ धातु आहे. लोखंडाहूनहि तो प्राणवायूकडे अधिक ओढ घेतो. मग तो गंजून नाहींसा कां होत नाहीं? कारण हवा लागतांच त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूशीं संयोग पावलेल्या ऍल्युमिनियमचा एक पापुद्रा तत्काळ धरतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो व गळून पडतो; हा पापुद्रा मात्र घट्ट, बिनछिद्र व कठीण असतो आणि आंतल्या धातूस झांकून घेतो. आपोआप येणाऱ्या या पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनहि कमी. भांड्याची सारी अब्रू या पापुद्र्यावर आहे. तो शाबूत असेल तोंवर अन्न व धातु यांची गांठ पडत नाहीं. तो विरघळला किंवा खरवडला गेला कीं उघडा धातु अन्नांत उतरूं लागतो.

हा पापुद्रा कशानें विरघळतो? आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं मातीपरीक्षण करून घेतलें आहे त्यांस ‘सामू’ हा शब्द परिचित आहे. सात म्हणजे उदासीन, त्याखालीं आम्ल, त्यावर विम्ल. ऍल्युमिनियमचा पापुद्रा साधारणतः ४ ते ८.५ सामूच्या दरम्यान टिकतो. त्याच्या खालीं आम्ल त्यास खातें आणि त्याच्या वर क्षार त्यास खातो. दोन्ही बाजूंनीं मार खाणारे धातु थोडे आहेत. हा त्यांतला एक. कोंकणांतील व घाटमाथ्यावरील जांभ्याच्या आम्ल जमिनींत पिकांच्या मुळांचीं टोकें आखडतात, त्याचें एक कारण हेंच. सामू साडेपांचाच्या खालीं गेला कीं मातींतील ऍल्युमिनियम विरघळून पाण्यांत येतें व कोंवळ्या मुळांस जाळतें. त्या जमिनीस आपण चुना देतों तो तें पुन्हां घट्ट बसावें म्हणून. जी गोष्ट शेतांत घडते तीच पातेल्यांत घडते. फरक इतकाच कीं पातेल्यांत आंच असते आणि तिच्यानें काम झपाट्यानें होतें.

स्वयंपाकांतील पदार्थांस हें माप लावून पाहावें. दुधाचा सामू ६.६ च्या सुमारास, भात व वरण त्याच्याच आसपास. हे पदार्थ निर्धास्त शिजवावे. ताक व टोमॅटो साडेचाराच्या आगेंमागें. म्हणजे अगदीं कांठावर. चिंचेचा कोळ तिनाच्या खालीं, लिंबू व आमसूल तर दोनाच्या आसपास. येथें आणखी दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. एक, फळांतील आम्लांस धातूचे कण आपल्याशीं बांधून घेण्याचा गुण असल्यामुळें तीं नुसत्या सामूवरून दिसतें त्यापेक्षां अधिक धातु ओढतात. दुसरी, मीठ. मीठ आम्लहि नव्हे व क्षारहि नव्हे, पण तें पापुद्र्याच्या दुबळ्या जागा शोधून तेथें टोंचे पाडतें. आंबट आणि खारट हीं दोन्ही एकत्र आलीं, आणि तीं रात्रभर भांड्यांत राहिलीं, म्हणजे धातु उतरण्यास यापरतें अनुकूल दुसरें कांहीं नाहीं. लोणच्याची फोड ऍल्युमिनियमच्या पातळ कागदांत पोळीबरोबर बांधून दिली असतां दुपारपर्यंत कागदास भोंकें पडलेलीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. पातेलें जाड असल्यामुळें त्यास भोंक दिसत नाहीं, एवढेंच.

यावरून नियम निघतो तो साधा आहे. भात, वरण, दूध, चहा, पिठलें, उकड, पाण्यांत शिजवावयाची भाजी, तळण यांस ऍल्युमिनियम चालेल. कढी, सार, आंबील, चिंचगुळाची आमटी, आमसुलाचें सार, पंचामृत, कैरीचा मेथांबा यांस स्टेनलेस स्टील, मातीचें किंवा कल्हईचें पातेलें घ्यावें. ज्या घरीं आमटी ऍल्युमिनियमच्याच टोपांत करणें भाग आहे (मजुरांची पंगत मोठी असली म्हणजे तेवढ्या मापाचें दुसरें भांडें नसतें) तेथें डाळ त्यांत शिजवावी, चिंच अगदीं शेवटीं घालावी आणि उकळी येतांच आमटी दुसऱ्या भांड्यांत काढावी. सकाळची आमटी ऍल्युमिनियमच्या डब्यांतून शेतावर नेऊन दुपारीं खाण्याची जी चाल आहे ती मात्र सोडावी; तेवढ्यापुरता स्टीलचा डबा घेणें परवडतें. मीठ पाण्यास उकळी आल्यावर घालून ढवळावें. थंड पाण्यांत टाकलेले मिठाचे खडे बुडाशीं बसून त्याच जागीं टोंचे पाडतात.

क्षाराचा प्रकार याहून दुर्लक्षित आहे. हरभरा किंवा चवळी लवकर शिजावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. हा सोडा थंड पाण्यांत सौम्य असतो, पण उकळला असतां त्याचें रूपांतर धुण्याच्या सोड्यांत होऊं लागतें आणि सामू चढतो. पापडखाराचें पाणी उकळण्याचेंहि तसेंच. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू ११ च्या घरांत जातो. एखाद्या जुन्या निरुपयोगी झांकणांत ऊन पाणी घालून त्यांत चमचाभर धुण्याचा सोडा टाकून पाहावा. क्षणांत बारीक बुडबुडे येऊं लागतात. ते हायड्रोजन वायूचे असून त्यांच्या मोबदल्यांत झांकणाचा धातु पाण्यांत चालला आहे असें समजावें. कॉस्टिक सोड्याचा तर स्पर्शहि या भांड्यास होऊं देऊं नये. घरीं साबण करणाऱ्यांनीं कॉस्टिकचें पाणी ऍल्युमिनियमच्या भांड्यांत कालवल्यास भांडें फसफसून तापतें, उग्र वाफ उडते आणि डोळ्यांस अपाय होतो.

आतां भांडें काळें कां पडतें तें पाहूं, कारण गृहिणींची मुख्य तक्रार हीच असते. नवें पातेलें चांदीसारखें लखलखीत असतें. चार दिवस त्यांत पाणी तापविलें अथवा बटाटे उकडले कीं आंतून काळसर होतें. तें मळलें असें समजून तारेच्या घासणीनें खसाखसा घासतात. वस्तुतः तो मळ नव्हे. दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी बहुतेक ठिकाणीं जड असतें. असें पाणी उकळलें म्हणजे त्यांतील कर्बवायु निघून जातो, पाणी किंचित् क्षारयुक्त होतें, आणि पापुद्रा थोडा जाड होऊन त्यांत पाण्यांतील लोहादि द्रव्यांचे कण अडकतात. त्यामुळें तो काळा दिसतो. हा काळेपणा अपायकारक नाहीं, उलट तो धातूवरचें जाडसें पांघरूणच आहे. त्याच काळ्या पातेल्यांत टोमॅटोचें सार केलें कीं पातेलें आपोआप लख्ख होतें आणि घरचीं माणसें खूष होतात. पण तो काळा थर गेला कोठें? तो सारांत उतरून पानांत गेला. याकरितां आमचें सांगणें असें कीं ऍल्युमिनियमचें भांडें आंतून चकचकीत असण्याचा हट्ट धरूं नये. पितळेच्या भांड्याची चकाकी घराची शोभा असेल. येथें तो नियम लागू नाहीं.

तथापि काळा थर फार जाड झाला, किंवा पाहुणे यावयाचे आहेत म्हणून भांडें उजळ हवें असलें, तर घासण्यापेक्षां उकळणें चांगलें. दर लिटर पाण्यास लिंबाएवढी चिंच कुसकरून किंवा एका लिंबाचा रस पिळून तें पाणी काळ्या रेघेच्या वर येईपर्यंत भरावें, दहा-पंधरा मिनिटें उकळूं द्यावें, आणि निवल्यावर टाकून देऊन भांडें साध्या पाण्यानें धुवावें. हें पाणी कोणत्याहि खाद्यांत वापरूं नये. त्यानंतर एक-दोन वेळां त्यांत नुसतें पाणी किंवा भाताची पेज उकळून ती टाकावी, म्हणजे पापुद्रा पुन्हां धरतो. कुकरच्या तळाच्या पाण्यांत लिंबाचें साल टाकण्याची जी घरोघर चाल आहे ती याच कारणानें उपयोगी पडते. तेथें तें पाणी अन्नास लागत नसल्यामुळें हरकतहि नाहीं.

रोजच्या घासण्यासंबंधीं आमच्या खेड्यांत राखेचा प्रघात आहे. पितळेस व लोखंडास राख उत्तम. ऍल्युमिनियमला ती मानवत नाहीं. राखेंत पालाशाचा क्षार असतो, ज्यामुळें ती खत म्हणून आपण शेतांत घालतों. कोरड्या राखेनें चटकन् घासून लगेच धुतलें तर फारसें बिघडत नाहीं. पण ओली राख चोपडून भांडें उन्हांत ठेवून दिलें, मग दुपारीं सवडीनें धुतलें, म्हणजे तितका वेळ क्षार धातु खात बसतो. बाजारांत मिळणाऱ्या भांडीं घासण्याच्या वड्यांपैकीं पुष्कळांत धुण्याचा सोडा असतो. त्यांचाहि लेप फार वेळ राहूं देऊं नये. वाळू, विटकर व पोलादी तार यांनीं ओरखडे पडतात, ओरखड्यांत अन्न व मीठ अडकतें आणि तेथूनच टोंचे सुरू होतात. नारळाची शेंडी किंवा मऊ काथ्या आणि रिठ्याचें पाणी यांच्याइतकें या भांड्यास मानवणारें साधन दुसरें नाहीं. रिठ्याच्या फेसांत सोड्याचा क्षार नसतो, तेलकटपणा सुटतो आणि रिठे घरच्या झाडाचे मिळतात. मोठ्या शहरांतून भांडीं धुण्याचीं यंत्रें आलीं आहेत. त्यांचें चूर्ण क्षारयुक्त असल्यामुळें ऍल्युमिनियम त्यांत घातलें तर काळेंठिक्कर होऊन निघतें.

करपलेलें भांडें खरवडूं नये. पाणी घालून मंद उकळावें, बोथट लाकडी उलथन्यानें जेवढें सुटेल तेवढें सोडवावें, पुन्हां पाणी उकळावें. चुलीवर ठेवण्यापूर्वीं बुडास बाहेरून चिखलाचा पातळ हात फिरविला तर काजळी मातीवर धरते व धुतांना सहज निघते. आमच्या जुन्या बायका हें करीत असत, आणि गॅस आल्यापासून ही युक्ति विसरली गेली असली तरी लग्नाच्या चुलवणांवर ती अद्यापि वेळ वांचविते. तापलेल्या भांड्यावर एकदम थंड पाणी ओतूं नये, बूड वांकडें होतें. रिकामें भांडें आंचेवर विसरूं नये. तांबें हजार अंशांच्या पुढें वितळतें, ऍल्युमिनियम ६६० अंशांवरच. आणि त्याच्या पुष्कळ आधीं तें मऊ पडतें. धुतलेलीं भांडीं ओलीं एकांत एक घालून ठेवल्यास त्यांत पांढरी भुकटी धरते. ती धातूचीच झीज होय. पुसून पालथीं घालावीं. ज्या भांड्यास आंतून टांचणीच्या डोक्याएवढे टोंचे पडले आहेत तें अन्नाच्या कामांतून काढून धान्य मापण्यास द्यावें.

ऍनोडाइज केलेलीं म्हणून जीं करड्या-काळ्या रंगाचीं महाग भांडीं मिळतात त्यांत हाच पापुद्रा विजेच्या साह्यानें मुद्दाम जाड केलेला असतो. मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या भागापर्यंत, कधीं त्याहूनहि अधिक. त्यांस आंबटाचें भय पुष्कळ कमी. पण क्षार व तारेची घासणी त्यांसहि वर्ज्य आहेत, आणि थर उडाला कीं तें साधें पातेलेंच.

येवढी खबरदारी कशासाठीं, तर शरीराकरितां. पोटांत गेलेल्या ऍल्युमिनियमपैकीं एक टक्क्याहूनहि कमी रक्तांत उतरतें व तेंहि निरोगी मूत्रपिंडें बाहेर टाकतात. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीनें २०११ सालीं ठरविलेली मर्यादा अशी कीं दर किलो वजनामागें आठवड्यास २ मिलिग्रॅमपर्यंत सेवन चालेल. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २००८ सालीं ती १ मिलिग्रॅम ठेविली. पन्नास किलोच्या माणसास पहिल्या हिशेबानें दिवसास सुमारें १४ आणि दुसऱ्या हिशेबानें सुमारें ७ मिलिग्रॅम पडतात. भात-वरण शिजविण्यानें या मर्यादेजवळहि जाणें होत नाहीं. परंतु पंधरा किलोच्या मुलास हीच मर्यादा दिवसास चार, किंवा दोनच मिलिग्रॅम होते, आणि आंबट-खारट आमटी रात्रभर ऍल्युमिनियममध्यें राहिली तर मुलाचा वांटा तेवढ्यांतच भरून जाऊं शकतो. ज्यांचीं मूत्रपिंडें अधू आहेत त्यांची गोष्ट निराळी. १९७० नंतरच्या दशकांत कृत्रिम रीतीनें रक्तशुद्धि करून घेणाऱ्या रोग्यांच्या मेंदूस विकार झाले आणि त्याचें कारण त्या पाण्यांतील ऍल्युमिनियम असल्याचें ठरलें. अशा रोग्यानें या भांड्यांपासून दूर राहावें व वैद्याच्या सल्ल्यावांचून ऍल्युमिनियमयुक्त आम्लपित्तनाशक औषधें घेऊं नयेत. स्मृतिभ्रंशाचा रोग, ज्यास अल्झायमर म्हणतात, तो या भांड्यांनीं होतो अशी शंका १९६५ च्या सुमारास सशांवरील प्रयोगांमुळें उठली. नंतरच्या संशोधनानें भांडीं व तो रोग यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाहीं. इंग्रजांनीं कैद्यांस मारण्यासाठींच हीं भांडीं तुरुंगांत आणलीं, अशी एक गोष्ट हल्लीं तोंडोतोंडीं फिरते. पहिल्या महायुद्धांत जर्मन व अमेरिकन सैन्यांनीं आपल्याच शिपायांस ऍल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या, एवढें सांगितलें म्हणजे त्या गोष्टीचें वजन कळेल.

आमच्या मतें ऍल्युमिनियमपेक्षां मोठें भय त्याच्या नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या भंगाराचें आहे. मोटारींच्या इंजिनांचे तुकडे, जुनीं यंत्रें, तारा असें सर्व एका मुशींत वितळवून सांच्यांत ओतलेल्या कढया व टोप आठवड्याच्या बाजारांत स्वस्त मिळतात. त्या भंगारांत शिसें असतें. अशा भांड्यांतून शिसें अन्नांत उतरतें हें आफ्रिकेंत कॅमेरून देशांतील भांड्यांवरील २०१४ च्या पाहणींत दिसलें, आणि २०१७ सालीं दहा देशांतील भांडीं तपासलीं तेव्हांहि कित्येकांत तेंच आढळलें. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें बाहेरून येणाऱ्या कांहीं ऍल्युमिनियम, पितळ व हिंडालियम भांड्यांविरुद्ध याच कारणानें इशारा दिला. शिशाची सुरक्षित अशी मात्रा मुलांकरितां कोणीच सांगितलेली नाहीं. तें बुद्धीवर घाला घालतें आणि एकदां झालेलें नुकसान भरून येत नाहीं. हें शिसें घासून जात नाहीं, उकळून जात नाहीं, डोळ्यांस दिसत नाहीं. उपाय खरेदीच्या वेळींच. २०२४ च्या मार्चमध्यें केंद्र सरकारनें स्टेनलेस स्टील व ऍल्युमिनियमच्या भांड्यांस आय. एस. आय. चिन्ह सक्तीचें करणारा आदेश काढला. तें चिन्ह पाहून भांडें घ्यावें. ओबडधोबड, अंगावर बारीक खळगे असलेलें, कोणाचीहि खूण नसलेलें ओतीव भांडें चार पैसे कमी पडतात म्हणून घेऊं नये, आणि घरांत असेल तर लहान मुलांचें अन्न त्यांत शिजवूं नये. नव्या पत्र्याच्या भांड्यास कारखान्यांतील तेल व पॉलिश लागलेलें असतें. तें साबणाच्या ऊन पाण्यानें धुऊन, दोनदां पाणी उकळून टाकावें आणि मग वापरास घ्यावें.

दूधवाल्यांसाठीं दोन शब्द. संघाकडे जाणारे चाळीस लिटरचे कॅन बहुधा ऍल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. ताज्या दुधानें त्यांस कांहीं होत नाहीं. तळाशीं राहिलेलें दूध आंबलें म्हणजे होतें. म्हणून कॅन रिकामा होतांच प्रथम थंड पाण्यानें विसळावा, मग ऊन पाण्यानें व या कामाच्या सौम्य धुण्याच्या चूर्णानें ब्रशानें घासावा आणि पालथा घालून वाळवावा. नुसता धुण्याचा सोडा वापरणारांचे कॅन आंतून खडबडीत होतात आणि त्या खडबडींत जंतु घर करतात. मग दूध नासतें व दोष उन्हाळ्यास दिला जातो. दहीं लावण्यास हीं भांडीं घेऊं नयेत.

शेवटीं फवारणीचें पातेलें. बोर्डो मिश्रणासाठीं मोरचूद ऍल्युमिनियमच्या भांड्यांत भिजविलें तर त्यांतील तांबें भांड्याच्या अंगावर लाल होऊन बसतें, तितकें ऍल्युमिनियम द्रावणांत जातें व मिश्रणाचा जोर कमी होतो. चुन्याच्या निवळीचा सामू तर बारावर असल्यामुळें ती भांडेंच खाते. ही दोन्हीं द्रावणें मातीच्या, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांतच करावीं. कीटकनाशकें कालवण्यास घेतलेलें पातेलें कितीहि घासलें तरी पुन्हां चुलीकडे येतां कामा नये. घरांतील सर्वांस, विशेषतः सुगीला येणाऱ्या परगांवच्या बायांस, तें कोणतें हें ठाऊक नसतें. यास्तव त्याच्या बुडाजवळ खिळ्यानें भोंक पाडून तें भंगारांत घालावें, आणि गोठ्यांत त्याच्या जागीं एक प्लॅस्टिकची बादली ‘विष’ असें मोठ्या अक्षरांत लिहून कुलपांत ठेवावी.